मोकळा डबा

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर

सौ. सिद्धेश्वरीस,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरले नाही, मुद्दाम लिहिला नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस. शिवाय सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात लोकांच्या लाइनी जोडून देण्यात गेली, आता ते यंत्र घरच्या माणसांसाठी कानाला लावावंसं वाटत नाही. पत्रात कसं, मी बोलणार आणि तू ऐकणार. तुझ्या जन्मापासून हे एकदाही जमलेलं नाही.

अव्वाच्या, आपल्या आईच्याच पुण्यस्मरणाला, पंगत बसलेली असताना, तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "अक्काला मूल झालं नाही, हे त्या मुलाचं नशीब." का, तर मी तुझ्या नातवाच्या हातातली मोटार काढून स्वयंपाकाच्या बाईंच्या पोराला खेळायला दिली. पृथ्वीराजकडे पिशवीभर मोटारी होत्या. त्या पोराकडे चमचा होता. मी केलं ते बरोबर केलं आणि आजही तसंच करीन. पृथ्वीराजने तुमच्या श्रीपूरपर्यंत ऐकू जाईल असं भोकाड पसरलं, हा त्याच्या फुप्फुसांचा गुण, माझा दोष नव्हे.

तेव्हा तुझ्या माहितीसाठी कळवते की आमच्या गल्लीच्या टोकाला जी बालवाडी आहे, तिथे जूनपासून मी रोज सकाळी मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवते. चार-पाच वर्षांची मुलं. रडत नाहीत, पळून जात नाहीत. मला "पुस्तकआजी" म्हणतात. मी त्यांना "मॅडम" म्हणा असं सांगितलं होतं. ऐकत नाहीत.

पुस्तकं सगळी दयेची, मायेची, वाटून खाण्याची. हत्ती मुंगीला पाठीवर घेतो, खार चिमणीला दाणा देते, अशी. चित्रं छान असतात. पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य छापलेलं असतं. ते मी खाकी कागद चिकटवून झाकून टाकते. आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मॉरल सायन्सच्या तासाला इतकी तात्पर्यं पाजली, त्यातलं तुला एक तरी आठवतं का? मला फक्त त्यांची लाकडी पट्टी आठवते.

तुझा स्टीलचा डबा इथे राहिला आहे, ज्यातून त्या दिवशी शेंगापोळ्या आणल्या होत्यास. तुझं नाव कोरलेला. पोळ्या बालवाडीतल्या केराबाईला दिल्या.

दानेश्वरी

*

९ डिसेंबर

सौ. सिद्धेश्वरीस,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पण मला सांगायचं आहे आणि इथे ऐकण्यासारखं कोणी नाही. केराबाई बालवाडी झाडते आणि मुलांना हात धुवायला लावते, पण तिला ऐकू कमी येतं.

बालवाडीचे सेक्रेटरी चनमल्लप्पा. सात रस्त्याला त्यांचं कापडाचं दुकान आहे, तू तिथून परकर घ्यायचीस. कुठल्याशा शिबिरातून ते एक तक्ता घेऊन आले. तक्त्यावर सगळ्या मुलांची नावं, आणि जो दुसऱ्याला आपली वस्तू देईल त्याच्या नावापुढे चमकीची चांदणी. चांदण्या चिकटवायचं काम नीलांबिका टीचरकडे. ती गरीब पोरगी, चिकटवते.

पहिल्या आठवड्यात सोमेश सर्वांत पुढे गेला. हा सोमेश म्हणजे गोल, गोरा, आवाज आपल्या जुन्या एक्स्चेंजच्या घंटीसारखा. मी खिडकीतून पाहत होते. त्याने मल्लेशला बिस्कीट दिलं. टीचरला हाक मारली. चांदणी मिळाली. मग मल्लेशने तेच बिस्कीट सोमेशला दिलं. टीचरला हाक. चांदणी. मग पुन्हा सोमेशने. डबा खायची सुट्टी संपली तरी बिस्कीट अख्खंच होतं, फक्त त्याचा रंग बदलला होता. मी हे चनमल्लप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, सवय तरी लागते ना. मी म्हटलं, लागते, कमिशन खायची.

तिथून ते माझ्यावर नाराज आहेत.

तक्त्यावर एकच नाव कोरडं आहे. पायल. आई टॉवेलच्या कारखान्यात जाते, बाप ट्रॅक्टरवर असतो, पोरीला आजी सांभाळते. आजीचं नाव रंभाबाई. गाव सोडून यंदाच शहरात आलेली माणसं. पायल कुणाला काही देत नाही हे एक. तिच्या डब्यात असतंच काय, कडक भाकरीचा तुकडा आणि चटणी. पण कुणी दिलं तर ती घेतही नाही. सोमेशने आपल्या डब्यातली अर्धी चपाती तिच्यापुढे सरकवली, अर्थात चांदणीसाठी, तर तिने डबा दोन्ही हातांनी परत ढकलला. आणि पुढची सगळी सुट्टी त्या डब्याकडे बघत बसली.

चनमल्लप्पांच्या मते ती हट्टी आहे आणि माझ्या पुस्तकांचा काही उपयोग नाही. सहा महिने वाचून एक पोर वाटून खायला शिकत नसेल, तर तो तास इंग्रजी अक्षरांना द्यावा असं ते म्हणतात. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पालकांसमोर कार्यक्रम आहे. त्यात मुलं काय शिकली ते दाखवा, नाहीतर तास बंद. पालक चित्रं बघायला मुलं पाठवत नाहीत, असंही म्हणाले.

तुला आनंद झाला असेल. होऊ दे.

दानेश्वरी

*

२१ डिसेंबर

सिद्धेश्वरीस,

तुझं कार्ड मिळालं. महिन्याभराने, दोन पत्रांना मिळून एक ओळ, तीही "माझा डबा पाठवून दे." अक्षर अजून तसंच आहे, पळत सुटल्यासारखं.

पाठवते. घाई करू नकोस.

काल काय झालं ते ऐक. नव्या पुस्तकांत एक होतं, अस्वलाचं आणि उंदराचं. अस्वलाला झाडावर मध सापडतो. खालच्या बिळात उंदीर उपाशी. अस्वल मडकंभर मध त्याला नेऊन देतं. उंदीर पोटभर खातो, मिशा पुसतो, मडकं परत देतो आणि म्हणतो, "धन्यवाद, अस्वलदादा." संपलं. पुढे तात्पर्य, खाकी कागदाखाली.

मी वाचून पुस्तक मिटलं, तरी एकही मूल उठेना. पायल सगळ्यांच्या मागे बसते. ती उठून पुढे आली, तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, शेवटून दुसरं पान काढलं आणि मडक्यावर बोट ठेवलं.

"आजी, मडकं मोकळंच दिलं की त्यानं."

आणि सिद्धेश्वरी, सगळा वर्ग उसळला. मोकळं दिलं, मोकळं दिलं. उंदीर वाईट हाय. मल्लेशने उंदराच्या चित्राला गुद्दा मारला. ज्या पुस्तकात अस्वलाचा दयाळूपणा शिकायचा, त्यात ह्या मुलांना दिसलं काय, तर शेजाऱ्याचं भांडं मोकळं परत करणारा एक निर्लज्ज उंदीर. पुस्तक काढणाऱ्यांना हे सुचलंच नसणार. त्यांच्याकडे खाणं घरपोच येत असेल आणि डबे फेकून देत असतील.

आपल्याकडे कोण देतं मोकळं भांडं? अव्वा शेजारच्या वाटीत निदान चिमूटभर साखर घालायचीच. साखर संपली असेल तर मला मागच्या दाराने पाठवून मागवायची, पण वाटी तशी जायची नाही.

मी पायलला विचारलं, मग उंदराने काय घालायला हवं होतं? ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"त्याच्याकडं काय न्हाय. काय नसलं तर घ्यायचंच न्हाय. आजी म्हणती, मोकळा डबा द्याय लागंल, त्यापरीस नगंच म्हन."

कळलं ना तुला? मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ती हट्टी नव्हती. सोमेशची अर्धी चपाती घेतली तर त्याच्या डब्यात घालायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि त्या तक्त्यावर चांदणी देणाऱ्याला असते, घेणाऱ्याची पंचाईत कुणी विचारत नाही. सगळ्या वर्गात एकटीच ती ह्या गोष्टीचा विचार करत होती, आणि तिच्याच नावापुढे जागा कोरडी.

त्यानंतर मी दुसरं पुस्तक वाचायला घेतलं. ते उलटं धरलं होतं असं नीलांबिका सांगते. ती काहीही सांगते.

पायलला मी काही समजावलं नाही. हो, मी. तोंड बंद ठेवलं. तुझ्या यजमानांना, रुद्रप्पांना वाचून दाखव, त्यांना खरं वाटणार नाही.

दानेश्वरी

*

८ जानेवारी

सिद्धेश्वरी,

मुलांना मी एवढंच विचारलं होतं, की ज्याच्याकडे खायचं काही नाही त्याने मडक्यात काय घालावं. विचारलं आणि सोडून दिलं. सोमेश म्हणाला, चॉकलेट. त्याला बाकीच्यांनी गप्प केलं, उंदराकडे चॉकलेट कुठलं असणार. एक म्हणाली, चिंचोके. एक म्हणाला, पान, पिंपळाचं, मोठं. असं दोन-तीन दिवस चाललं.

मग एका सकाळी डबा खायच्या सुट्टीत सोमेशने आपली चपाती मोडली. टीचरला हाक मारली नाही, तक्त्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं तो विसरला होता, आणि तेच तर हवं होतं. अर्धी पायलपुढे ठेवली. पायलने ती घेतली. खाल्ली. बोटं चाटली. मग फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढून सोमेशच्या डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

टॉवेलच्या कडेचे रंगीत दोरे होते. लाल, हिरवे, पिवळे. कारखान्यात कापून टाकतात ते, आईने आणलेले. तिने ते पिळून, गाठ मारून गोंड्यासारखं काहीतरी केलं होतं. सोमेशने ते मनगटाला बांधलं. मल्लेशने ते मागितलं, बदल्यात आपल्या सगळ्या चांदण्या देतो म्हणाला. सोमेशने "हट" म्हटलं.

हे पाहायला तू हवी होतीस. म्हणजे पुरावा म्हणून.

त्यानंतर काय विचारतेस. कुणाचाच डबा घरी मोकळा जाईना. चिंचोके, बटणं, कोंबडीचं पीस, खडूचा तुकडा. चार वर्षांच्या मुलांना प्रमाण कुठलं. कुणीतरी एकाच्या डब्यात नाकतोडा घातला, जिवंत, आणि त्या घरच्या सूनबाईंनी सकाळी डबा उघडला. ती ओरड मला इथे ऐकू आली असं म्हणणार नाही, पण चनमल्लप्पांना दुकानात ऐकू आली.

ते तडक आले. म्हणाले, दानक्का, हे काय चालवलंय? लोक मला विचारतात, बालवाडी आहे का प्राणिसंग्रहालय? मी म्हटलं, तुमच्या तक्त्यापेक्षा बरं आहे, निदान नाकतोडा खरा होता. ते बोलायला नको होतं असं नीलांबिकाला वाटतं. चनमल्लप्पांनी निकालच सांगितला. २६ तारखेला मुलांनी इंग्रजीतून चार ओळींचं वाटून खाण्याचं गाणं म्हणायचं, हातवारे करून. माझ्या तासाला शेवटची दहा मिनिटं. पालकांना आवडलं तर ठीक, नाहीतर फेब्रुवारीपासून अक्षरं.

सिद्धेश्वरी, हा तास गेला तर माझं काय जाईल, असं तू विचारशील. काही जाणार नाही. सकाळी उठून पेपर वाचता येतो. पेपर वाचायला साडेआठ वाजेपर्यंत वेळ पुरतो, मग दिवस आहेच.

पायलला मात्र दुसरीकडे कुठे पुस्तक हातात मिळणार नाही.

तुझा डबा घासून ठेवला आहे.

अक्का

*

२७ जानेवारी

सिद्दव्वा,

जिंकले.

आधी ती एक ओळ लिहून टाकली, आता सावकाश सांगते.

झेंडावंदन झालं. मांडव भरलेला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेल्या पिपाण्या अजून मुलांच्या खिशात होत्या आणि मधून मधून वाजत होत्या. पुढच्या खुर्च्यांवर सेक्रेटरींच्या घरची माणसं, मधोमध त्यांच्या मातोश्री बसम्मा. नव्वदीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. मागे सतरंजीवर बाकीचे. रंभाबाई पार कडेला, नातीच्या चपला मांडीवर घेऊन.

आधी इंग्रजी गाणं. मुलांनी हातवारे केले, ओठ हलवले. टाळ्या पडल्या, शिष्टाचाराच्या. चनमल्लप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी अस्वलाचं पुस्तक घेतलं आणि उभी राहिले. ती दहा मिनिटं मी माईक लावला नाही. टेलिफोन ऑफिसचा आवाज आहे माझा, गरज नव्हती. पानं एकेक करून सगळ्यांना दाखवत वाचलं. मध सापडला, उंदीर उपाशी, अस्वलाने मडकं नेऊन दिलं, उंदराने खाल्लं. मग ते पान. उंदीर मडकं परत देतो. मी पान तसंच उंच धरून ठेवलं.

मुलं, आधीच सगळं कळलेल्या माणसांसारखी, गालात हसत होती. आणि पुढच्या खुर्चीतून बसम्मा म्हणाल्या, खणखणीत, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं,

"मोकळं मडकं धाडलं? कुणाच्या घरचा हाय ह्यो उंदीर?"

सतरंजीवरच्या बायका जे हसल्या, सिद्दव्वा. हसल्या आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. साखर तरी घालायची, दाणे तरी घालायचे, अगं निदान हळदीकुंकवाची पुडी. बायाबापड्या त्या उंदरावर तुटून पडल्या. चनमल्लप्पा उठून "शांत बसा" म्हणत होते, तर आईने त्यांना धोतराला धरून खाली बसवलं. "अरे चन्ना, ऐकू दे की. पुढं काय झालं ते सांग गं."

पुढे पुस्तकात काही नाही. म्हणून मुलांनी पुढचं पान केलं होतं. प्रत्येकाचं वेगळं, त्यांनीच काढलेलं. एकेकाने येऊन आपलं पान दाखवलं. सोमेशच्या उंदराने मडक्यात मनगटाचे दोरे घातले होते. मल्लेशच्या उंदराने नाकतोडा. त्या सूनबाई हसल्या, तेव्हा मला कळलं की ही बाई चांगली आहे.

शेवटी पायल. ती आजीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिने पान उघडलं. पानावर मडकं, आणि मडक्यात उंदीर. नुसते कान आणि डोळे वर. खाली अस्वलाचे हात.

बसम्मांनी विचारलं, "हे काय गं बाळ? ह्यानं काय घातलं?"

"त्याच्याकडं काय नव्हतं की," पायल म्हणाली. "म्हनून त्योच बसून गेला. खेळाय."

त्यानंतर टाळ्या पडल्या त्या शिष्टाचाराच्या नव्हत्या. बसम्मांनी पायलला जवळ घेतलं, आपल्या पर्समधून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, मोकळा हात पाठवायचा नाही. रंभाबाई चपला हातात धरून उभीच होती. कुणीतरी तिला "बसा की" म्हणालं, तर म्हणाली, "न्हाय, दिसतंय हितनं चांगलं."

चनमल्लप्पा नंतर माझ्याकडे आले. चेहरा असा, की जणू आलेलं गिऱ्हाईक काही न घेताच परत गेलं. म्हणाले, तास चालू ठेवू. मी म्हटलं, आणि तक्ता? म्हणाले, तक्ता काढू. मी म्हटलं, आणि नवी पुस्तकं? म्हणाले, दानक्का, आता बास. मी म्हटलं, बसम्मांना विचारू का? सोमवारी यादी द्या म्हणाले. यादी तयार होती, पर्समध्येच.

आज सकाळी तक्त्याच्या जागी भिंतीवर मुलांची पानं लावली. खाकी कागद मी आता कुठल्याच पुस्तकावर चिकटवत नाही. तात्पर्याच्या पानावर मुलं आपलं पान चिकटवतात. त्यांना ते जास्त बरं जमतं.

मला एवढंच सांगायचं होतं. पंगतीत तू काहीही म्हणालीस, तरी माझ्या ह्या तिखट जिभेच्या धाकात एक पोर जगू शकतं, एक सोडून तीस जगतात. त्यांतली एक आज जाताना माझ्या हातात टॉवेलचा दोरा देऊन गेली. मी तो मनगटाला बांधलेला नाही. घड्याळाच्या पट्ट्याखाली आहे.

आता तुझा डबा. बालवाडीच्या मुलांनी एवढं शिकवल्यावर मी तो मोकळा पाठवणार नव्हते, आणि आधीही त्यासाठीच ठेवला होता, हे तुला कळायला हवं होतं. सोबत पाठवते आहे. वर शेंगाची चटणी आहे, खलबत्त्यातली, मिक्सरमधली नव्हे. शेंगापोळ्या केराबाईला दिल्या नव्हत्या. मीच खाल्ल्या. गूळ किंचित जास्त झाला होता.

चटणीखाली अस्वलाचं पुस्तक आहे, पिशवीत घालून, तेल लागू नये म्हणून. पृथ्वीराजसाठी. त्याला वाच, आणि मोटार कुणाला द्यायची का नाही ते त्याचं त्याला ठरवू दे. पायलचं पान मी झेरॉक्स काढून शेवटी लावलं आहे.

आणि पुस्तकाच्या बाजूला एक लहान डबी आहे. ती माझी. तिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे, उगाच तुझी समजू नकोस. तिच्यात थोडी खडीसाखर आहे, ती संपली की डबी परत कर. मोकळी करायची नाही, हे अव्वाच्या मुलीला मी सांगायला नको.

घरात घालण्यासारखं काही नसेल, तर शेवटचं पान बघ.

अक्का